बाहेरकाठ्यावरची फोर-व्हील

पेणच्या हायवेला माझं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या पुढ्यात माझी क्रेन उभी असायची. क्रेन म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक, त्याच्या पाठीवर एक तिरका लोखंडी खांब, वायररोप आणि हाताने फिरवायचा रहाट. माझा जोडीदार गफूरभाई इंजिनाचा माणूस आणि मी ओढण्याचा. इकडे वडखळ, तिकडे खांब गाव आणि आत रोह्यापर्यंत कुणी खड्ड्यात गेलं, शेतात उतरलं, पुलाच्या कठड्यावर चढलं की निरोप आमच्याकडे यायचा. आता क्रेनही नाही आणि गफूरभाईही मुलाकडे रोह्याला राहतो. संध्याकाळी फोनवर आम्ही जुन्या गाड्या पुन्हा पुन्हा ओढून काढतो.

लोकांना वाटतं, हे काम ताकदीचं. ताकद रहाटाला लागते हो, आपल्याला लागतात डोळे. गाडी पडली असेल तिथे गेल्यावर आधी गाडी बघायचीच नाही, जमीन बघायची. जमीन कुठे धरते, कुठे सोडते, पाणी कुठून येतं. गाडी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने बहुतेक वेळा बाहेर निघते. आणि वायर ताणली गेली की आसपास कुणाला उभं राहू द्यायचं नाही, कारण तुटलेली वायर माणूस ओळखत नाही. एवढंच माझं शास्त्र. बाकी गफूरभाईच्या शिव्या.

नव्वद सालानंतर हायवेला त्या मोठ्या गाड्या दिसायला लागल्या. उंच, रुंद, काळ्या काचांच्या, मागच्या दाराला स्टेपनी लटकवलेली आणि बाजूला ठळक लिहिलेलं, फोर बाय फोर. त्या दिसल्या की माणसं बदलायची. वडखळच्या ज्या हॉटेलात आम्हाला चहा पाण्याच्या ग्लासात मिळायचा, तिथेच या गाडीतून उतरलेल्याला कपबशी यायची, तीसुद्धा खाली ताटली घेऊन. आतला माणूस शेठ की शेठचा ड्रायव्हर, हे कुणी विचारायचं नाही. टायरची उंची बघून शेठ ठरायचा. आमचं तरी काय वेगळं होतं म्हणा. लांबून तसली गाडी आडवी दिसली की गफूरभाई म्हणायचा, "चला, आता शिव्या खायला तयार रहा." उतरणारा माणूस उर्मटच असणार, जमिनी घ्यायला आलेला असणार, हे आम्ही गाडीजवळ पोचायच्या आधीच ठरवून टाकलेलं असायचं.

खांब गावाजवळ एकदा एका पुढाऱ्याची गाडी भातशेतात गेली. आम्ही ती मागून ओढायला घेतली, तर साहेब हात जोडायला लागले की मागून नका ओढू, पुढून ओढा, रस्त्यावर लोक बघतायत. मी म्हटलं, साहेब, पुढून ओढायची तर आधी शेताच्या पलीकडे रस्ता बांधावा लागेल. शेवटी त्यांनी काय केलं असेल? आम्ही मागून ओढत होतो आणि साहेब गाडीत बसून लोकांना हात दाखवत होते. उलटे उलटे येत होते, पण चेहरा पुढाऱ्याचा तो पुढाऱ्याचाच. आणखी एकदा कोलाडच्या वळणावर तसलीच गाडी घसरून गटाराला टेकलेली. बाजूला एक बाई शांत उभ्या आणि त्यांचे यजमान गाडी लागल्यामुळे कठड्याला धरून ओकतायत. जमलेला प्रत्येक जण त्या ओकणाऱ्या गृहस्थांना विचारत होता की साहेब, किती स्पीडला होतात? गाडी बाई चालवत होत्या, आणि अगदी सावकाश चालवत होत्या. म्हैस आडवी आली म्हणून गटार पत्करलं. हे त्या दोनदा सांगून थकल्या आणि मग त्यांनी सांगायचं सोडून दिलं.

वेगाचं तर विचारूच नका. पनवेलहून गोव्याला किती तासांत, याच्या गप्पा मारणारे आम्ही फार ओढले. आणि सगळ्यांचं एक पालुपद ठरलेलं, की फोर-व्हील आहे, कुठेही जाते. आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगतो. साध्या गाडीची दोन चाकं जोर लावतात, या गाडीची चारही लावतात. वाळूत, दगडात, चढावर त्याचा उपयोग होतो, नाही कोण म्हणतो. पण आमच्या खाडीकाठची माती निराळी. वरून वाळलेली दिसते, आत लोणी. तिथे साधी गाडी दोन चाकांनी रुतते आणि ही चार चाकांनी.

पांडुरंगशेठची गाडी अशीच रुतली, आणि माझ्या सगळ्या कामात तो एक दिवस मी विसरू शकत नाही.

कासू स्टेशनवरून खाडीकडे गेलं की डांबरी रस्ता एका जागी संपतो. पुढे खारजमीन. खाडीचं पाणी अडवायला मातीचा लांबच लांब बांध घातलेला असतो, त्याला आमच्याकडे बाहेरकाठा म्हणतात. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात. बांध फुटला तर त्याला खांड गेली म्हणतात, आणि खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं. त्या वर्षाचं भात जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन धड पिकत नाही. म्हणून बांधाला हात लावायचं काम सगळ्यांचं. प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन येणार, ही तिथली जुनी रीत. घरात पुरुष नसला तर बाई येणार.

त्या बांधाच्या टोकाला एक पाडा आहे. पांडुरंग तिथला. मिठागरात राबलेल्या बापाचा मुलगा, मुंबईला गोदीत ट्रान्सपोर्टच्या धंद्यात शिरला आणि चांगला वर आला. एका परदेशी कंपनीच्या साहेबाने वापरलेली जपानी फोर-व्हील त्याने घेतली. आई हिराबाई मात्र पाड्यावरच. मुंबईत जीव रमत नाही म्हणायची. बाप गेल्यानंतरची ती सर्वपित्री अमावास्या होती. बापाचं पान ठेवायला पांडुरंग येणार आणि गाडी घेऊन येणार, हे आईने पाडाभर सांगून ठेवलं होतं. नुसतं येणार नाही, दारापर्यंत गाडी आणणार.

आता दारापर्यंत गाडी न्यायची तर बांधावरून. त्या बांधावरून पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा कुणी नेत नाही. हे पांडुरंगला माहीत नव्हतं असं नाही, तो तर त्या मातीत वाढलेला. पण लहानपणी बघितलेला बांध आठवणीत मोठा होऊन बसतो, आणि बुडाखाली फोर बाय फोर असली की माणसाला अंदाज राहत नाही. सकाळी ओहोटीला तो बांधावर चढला. निम्म्यावर आला आणि खेकड्यांनी पोखरलेल्या जागी खाडीकडची माती बसली. गाडी कलली, बांधात आडवी झाली आणि दारापर्यंत रुतली.

आम्हाला निरोप आला. क्रेन डांबरीच्या टोकाला उभी करून आम्ही दोघं चालत पुढे गेलो. क्रेन बांधावर नेणं म्हणजे एका खड्ड्याचे दोन करणं. लांबून बघितलं तर बांधावर सगळा पाडा जमलेला, बायकासुद्धा. मला वाटलं, भांडण जुंपलंय. कसलं काय! कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतं. माणसं गाडीच्या भोवती चिखल लावत होती आणि तोही कसा, चूल सारवावी तसा. फावड्याने टाकायचं सोडून हाताने लिंपत होते, दाराच्या रंगाला लागू नये म्हणून. बॉनेटवर कुणीतरी चांगली धुतलेली चादर अंथरली होती. देवा शप्पथ सांगतो, ज्या गाडीने त्यांचा बांध फोडला तिला ते जपत होते. आणि तो मध्ये उभा असलेला पांडुरंग कालपर्यंत त्यांचाच, पण सगळे त्याला शेठ, शेठ करत होते.

पांडुरंग माझ्याकडे धावत आला. स्वच्छ पांढरे कपडे गुडघ्यापर्यंत काळे झालेले. पहिलं वाक्य तेच, जे मी इतकी वर्षं ऐकत होतो. "भाऊ, रंगाला धक्का लावू नका." मी गफूरभाईकडे बघितलं, त्याने आभाळाकडे बघितलं.

मी नेहमीप्रमाणे जमीन बघितली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाडी बांधात अडकली नव्हती, बांधाची जागाच गाडीने घेतली होती. तिच्या खालून पाणी झिरपायला लागलं होतं. अमावास्येचं उधाण, दुपारच्या भरतीला पाणी बांधाच्या माथ्याशी येणार. आत भात निसवलेलं, लोंब्यांत नुकतं दूध भरत होतं. मी गाडी ओढली असती तर उरलेली माती तिच्याबरोबर आली असती आणि खाडी सरळ शेतात शिरली असती. न ओढता तशीच सोडली तर पाणी बाजूने कोरत जाणार.

धर्मादादा म्हणून तिथले एक म्हातारे होते, बांधाचं काम त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"भाव, आता ही गाडीच बांध हाय," ते हळूच म्हणाले. "हिच्यावर माती घालून पुरून टाकली तं भरती थोपवल. दुसरं काय नाय."

मी म्हटलं, मग घाला की, थांबलात कशाला? म्हाताऱ्याने मान खाली घातली. एवढ्या मोठ्या गाडीवर फावडं कुणी टाकायचं? उद्या शेठ काय म्हणेल? मीच सांगावं असं त्यांचं म्हणणं, कारण मी बाहेरचा. म्हणजे बघा, पाणी चढत होतं, साऱ्या पाड्याचं वर्षाचं अन्न पणाला लागलं होतं आणि सगळी माणसं एका गाडीच्या मानापुढे हात आखडून उभी होती. मला राग आला, पण कुणाचा धरायचा तेही कळेना.

मी पांडुरंगला सांगितलं. सरळ सांगितलं, की गाडी काढली तर खांड जाते, राहिली तर पुरावी लागते. त्याने ऐकलं आणि चेहरा असा केला, जणू मी भलत्याच माणसाची गोष्ट सांगतोय. मुंबईहून मोठी क्रेन बोलावू का? फळ्या टाकून बघू का? भरती थोडी कमी आली तर? मी प्रत्येकाला नाही म्हणत गेलो. त्याची दया येत होती मला. रक्ताचं पाणी करून त्याने ती गाडी मिळवली होती, आणि ती बघायला आज पहिल्यांदा अख्खा पाडा जमला होता. मागे दोन बायका कुजबुजल्या, की शेठ लोकांचं असंच, आधी गाडी. ते त्याला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

तेवढ्यात हिराबाई आली. घरी बापाच्या पानाचा स्वयंपाक करून, हात पुसून आली असावी. म्हातारी काटकुळी, नऊवारीचा काचा मारलेला. तिने कुणाला काही विचारलं नाही. एकाच्या हातातलं चिखलाचं घमेलं घेतलं, कमरेवर टेकवून गाडीपाशी आली, बॉनेटवरची चादर ओढून बाजूला टाकली आणि घमेलं समोरच्या काचेवर रिकामं केलं.

"गो आय," एवढंच पांडुरंगच्या तोंडातून आलं.

"तुझा बाप असता तं त्याने तुला बी बांधात घातला असता," म्हातारी म्हणाली आणि रिकामं घमेलं पुढे केलं. "भरा रं."

तरी कुणी भरलं नाही. सगळे पांडुरंगकडे बघत होते. काचेवरून चिखल खाली ओघळत होता. तो गाडीपाशी गेला, दार ओढायला लागला. दार मातीत अडकलेलं, निघेना. मला वाटलं, आता कागदपत्रं काढणार, टेप काढणार. दोघा-तिघांनी हात लावला, दार उघडलं. त्याने आत वाकून चारही काचा खाली केल्या, मागचं दार उघडलं, आणि बाहेर येऊन धर्मादादांना म्हणाला, "आत बी भरा, दादा. वजन व्हईल."

त्यानंतर जे काम झालं ते मी आयुष्यात दुसरीकडे बघितलं नाही. फावडी, घमेली, पेंढ्याचे भारे, बांबूचे तट्टे, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. त्या बिस्किटी रंगाच्या गुबगुबीत सीटांवर खाडीचा काळा चिखल पडायला लागला तेव्हा गफूरभाईला बघवेना. इंजिनाचा माणूस तो, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोच पुढे झाला आणि ओरडला की थांबा, डिझेल शेतात जाईल. मग आम्ही दोघं कंबरभर चिखलात शिरलो, टाकी उपसली, ऑइल सोडून डब्यात घेतलं, बॅटरी काढली. क्रेनवाल्याला तिथे तेवढंच काम उरलं होतं आणि ते आम्ही नीट केलं.

पांडुरंगने शर्ट काढून ठेवला होता. पहिल्या दोन-चार घमेल्यांना त्याचे हात कचरले, पुढे हाताला जुनी सवय सापडली. बांधाची माती कशी थापायची, पेंढा कुठे आडवा घालायचा, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. गाडीचं छप्पर दिसेनासं झालं आणि त्याच सुमाराला खाडी भरली. पाणी वर येत आलं, आमच्या पावलांपासून हातभर खाली थांबलं. आतल्या अंगाला दोन जागी पाझर फुटला, तो बायकांनी पेंढा कोंबून बुजवला. बाकी सगळे नुसते बसून राहिले. जीव टांगणीला लागला होता, कुणी विडीसुद्धा पेटवली नाही. पाणी मागे सरायला लागलं हे आधी धर्मादादांना कळलं. त्यांनी डोक्याचा पंचा सोडून तोंड पुसलं, तेव्हा आम्हाला कळलं.

बापाचं पान वेळ टळून गेल्यावर ठेवलं गेलं, तिथेच, बांधावर. कावळा शिवला की नाही हे बघायला कुणाला सवड नव्हती. त्याच स्वयंपाकातले वडे आणि खीर आम्हालाही मिळाली, आणि चिखलाच्या हातांनी खाल्लेली ती खीर मला अजून आठवते.

निघताना पांडुरंग आमच्याबरोबर डांबरीपर्यंत यायला उठला. संध्याकाळच्या गाडीने मुंबईला जाणार होता. धर्मादादा पाठमोरेच बसले होते, तिथूनच त्यांनी हाक मारली. शेठ नाही, साहेब नाही.

"पांड्या, उद्याची भरती याहून मोठी हाय. सकाळी लवकर ये. आणि घरातलं फावडं आण, आमच्यात जास्तीचं नाय."

पांडुरंग तिथेच थांबला. मला म्हणाला, भाऊ, तुम्ही व्हा पुढे. आणि परत बांधाकडे वळला. त्याची पाठ सरळ झालेली मी बघितली आणि मला फार बरं वाटलं.

भात कापून झाल्यावर, माघात, मी वायररोप आणि जाड फळ्या घेऊन पुन्हा गेलो. पांडुरंगही आला होता, ट्रेनने, कासूला उतरून चालत. बांध पक्का बसला होता, वर गवत उगवलं होतं. धर्मादादांनी सांगितलं, काढायची तर बांध उघडावा लागेल आणि पुन्हा बांधावा लागेल. तुझी वस्तू, तू सांग. पांडुरंगने फार विचार केला नाही. राहू दे म्हणाला. मी सामान उचललं आणि परत आलो. माझ्या हद्दीत आलेली सगळ्यांत भारी गाडी, आणि ती मी कधी ओढलीच नाही. गफूरभाई अजून मला चिडवतो त्यावरून. पांडुरंगने पुढे मुंबईत साधी गाडी घेतली असं ऐकलं. ती तो डांबरी संपते तिथे उभी करतो, आणि बांधाच्या कामाला येतो.

काही वर्षांनी दुसऱ्या एका कामासाठी मी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम बांधावर चढलो. समोरून हिराबाई येत होती, खूपच थकलेली, हातात काठी. बरोबर कुणी नवी सून होती, पाड्यावर नुकतीच लग्न होऊन आलेली. बांधाला जिथे थोडा उंचवटा आहे तिथे म्हातारी थांबली आणि काठीने खाली गवतावर टकटक केलं.

"हळू चाल गो," ती म्हणाली. "हिथं माझ्या पांडूची गाडी हाय."